११० दप्तरं आणि मावशीचा पगार

हे पत्र बीड जिल्ह्यातून आलंय. नाव-गाव छापू नका असं बजावलंय, त्यामुळे छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, आम्ही पाच जणी मिळून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्याला निघाल्या की पोरं आमच्याकडे येतात, उन्हाळ्यात आईबाप परतले की घरी जातात. यंदा ४६ आहेत, त्यात २७ मुली. लोक देत नाहीत असं नाही, पण देतात ते आम्हाला नको असतं आणि हवं ते कोणी देत नाही. ४६ पोरांना ११० दप्तरं आलीत! दोन्ही मावशींचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, संडास दोनच आहेत, किराणावाल्याची उधारी ६८ हजारांवर गेलीय. एक कंपनी सहा लाखांची डिजिटल क्लासरूम देते म्हणते, पण मार्चच्या आत. पुण्याचा एक ग्रुप फेब्रुवारीत येऊन झाडं लावणार म्हणतो. वर्गमैत्रीण अमेरिकेत आहे, ती दर महिन्याला शंभर डॉलर पाठवते म्हणते. एक शेठ म्हणतात आमच्या समाजाची पोरं असतील तर त्यांचा सगळा खर्च देतो. मी सगळ्यांना गरजांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवते, तर 'छान काम' म्हणून अंगठा येतो. देणगीदाराला आवडेल तसं काम बदलायचं, का त्यांना समजावत बसायचं? मला हे मागायचं काम जमतच नाही."

अगं,

वयानं लहान आहेस असं पत्रावरून दिसतंय म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. ११० दप्तरं वाचून आधी हसले आणि मग जरा गप्पच झाले, कारण आमच्या वसतिगृहात एके वर्षी २०० कंपासपेट्या आल्या होत्या आणि त्याच महिन्यात आम्ही गॅसचा सिलिंडर उसना आणला होता.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. काम बदलू नकोस आणि कोणाला समजावत पण बसू नकोस. पन्नाशी-साठीच्या माणसाला कशाबद्दल वाटावं हे आपण शिकवू शकत नाही, त्याला जे वाटायचं ते त्याच्या लहानपणी नाहीतर त्याच्या घरात काही घडून गेल्यामुळे वाटत असतं. आपल्याला फक्त ते कळलं पाहिजे आणि लक्षात राहिलं पाहिजे. तू जमत नाही म्हणतेस ते मागायचं काम नाहीये बाई, ते ऐकायचं काम आहे, आणि तू शिक्षिका आहेस म्हणजे ते तुला येतं.

काम बदलू नकोस का म्हणते ते आधी सांगते कारण तिथे आम्ही सपाटून पडलोय. २०१६ ची गोष्ट. एका कंपनीनं आमच्या वसतिगृहाला पाणी शुद्ध करायचा आरओचा प्लांट दिला, कोणती ते जाऊ दे. आम्हाला हवी होती खिडक्यांना जाळी आणि एक स्वयंपाकी. पण आमच्या अध्यक्षांना वाटलं की एवढी मोठी कंपनी दारात आलीय, नाही कशाला म्हणायचं, प्लांटनं पाय तर लागेल, पुढे बाकीचं मागू. आम्ही प्रपोजलमध्ये पाण्याचा प्रॉब्लेम जरा वाढवूनच लिहिला, खोटं नाही म्हणणार पण फुगवलंच. उद्घाटन झालं, फीत कापली, दोन टेम्पो भरून खुर्च्या आल्या. आणि नंतर कळलं की त्याचे फिल्टर आणि मेम्ब्रेन बदलायला वर्षाला १८ हजार लागतात, जे त्या बजेटमध्ये कोणी धरलेच नव्हते, आणि निम्मं पाणी वाया जातं ते वेगळंच. चौदा महिन्यांनी तो बंद पडला. मग त्याच्या पाइपावर पोरींच्या ओढण्या वाळत घालायला लागलो. त्या कंपनीची नवी मॅडम दोन वर्षांनी अचानक बघायला आली तेव्हा ओढण्याच वाळत होत्या. पुढे काही मागायचा प्रश्नच आला नाही. तर पाय लागायला म्हणून नको ते घेऊ नकोस, पाय लागत नाही, फक्त ठेच लागते.

आता ऐकायचं म्हणजे काय ते सांगते.

आमच्याकडे पुण्यातले एक आजोबा दर गुढीपाडव्याला बायकोच्या नावानं १००१ रुपयांचा चेक पाठवायचे. बँकेतून रिटायर झालेले. आम्ही पावती आणि छापील आभारपत्र पाठवायचो, सोबत पोरांचे हसरे फोटो. सहा वर्षं हेच. २०१३ मध्ये पावतीवर पत्ता अर्धवट होता म्हणून मी त्यांना फोन केला तर पत्ता सांगून झाल्यावर म्हणाले, "तूरडाळ काय भावानं घेता हो तुम्ही?" मी सांगितलं सत्तर. म्हणाले, "महिन्याला लागते किती?" मला माहीतच नव्हतं! मी स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले, साठ पोरांना रोजची तीन किलो, म्हणजे ९० किलो. फोनवरच त्यांनी हिशोब केला, ६३०० रुपये, आणि म्हणाले मला फोटो पाठवू नका, मला डाळीचं बिल पाठवा. पाठवलं. आठ दिवसांत दोन महिन्यांच्या डाळीचा चेक आला, १२,६०० चा, एक रुपया इकडे नाही तिकडे नाही. त्या माणसानं आयुष्यभर बँकेचं लेजर लिहिलं होतं गं, त्याला हसरी पोरं दाखवून काय होणार, त्याला जुळलेला ताळा बघायचा होता. नंतर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली तेव्हा त्यांनीच फोन केला, आता काय करताय म्हणून, आणि अर्धी मसूर घाला असं सांगून वर त्याचा हिशोब कागदावर लिहून पाठवला. शेवटपर्यंत आमची डाळ त्यांची होती. सहा वर्षं तो माणूस हजार रुपये देत होता कारण आम्ही त्याला कधी काही विचारलंच नव्हतं.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते असं की जुनी पावतीपुस्तकं काढ. ज्यांनी ज्यांनी दिलंय त्यांनी आपली आवड तिथे आधीच लिहून ठेवलेली असते, आपण वाचत नाही. स्थळप्रतीवर "आईच्या स्मरणार्थ" आहे का, तारीख काय आहे, तीच तारीख पुन्हा येते का, रक्कम ठरलेली का, "मुलींसाठी" असं कोणी लिहिलंय का. एक साधी दोनशे पानी वही घे, गुगल शीट-बिट नंतर बघू, एका माणसाला एक पान. नाव, गाव, काय करतात, कधी दिलं, आणि त्याखाली त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य जसंच्या तसं. "माझी आई पण अशीच रात्री दिव्यात बसवायची." "तिकडे डॉक्टर आहे का हो जवळ?" असलं काही. मग रोज दोन फोन. पैसे मागायचे नाहीत त्या फोनवर, अजिबात नाही. पोहोचलं का, पावती मिळाली का, पोरं अशी अशी आहेत, आणि शेवटी एक प्रश्न, तुम्हाला आमच्या कामातलं काय बघायला आवडेल? आणि मग गप्प बसायचं. आपल्याला गप्प बसवत नाही हीच अडचण असते बहुतेक वेळा.

दुसरं म्हणजे तुझी यादी. फोटो पाठवलायस तो बघितला. "१) किराणा २) कर्मचारी मानधन ३) स्वच्छतागृह ४) शैक्षणिक साहित्य" अशी यादी बघून कोणाला काय सुचणार, चौथ्या नंबरचं सोपं आहे, दुकानात मिळतं, घेऊन आले लोक! दप्तरं अशीच आली. ती यादी सगळ्यांना एकच पाठवणं बंद कर आणि एकेका गरजेचे असे तुकडे पाड की एका माणसाच्या हातात एक मावेल. तूच लिहिलंयस की पोरामागे दिवसाला जेवणाखाण्याचे साठेक रुपये पडतात, म्हणजे ४६ पोरांचा दिवस २७६० रुपयांचा. हा एक तुकडा झाला. हा वाढदिवसवाल्यांना जातो. लाडू-केक घेऊन येणाऱ्याला तोडू नकोस, त्याला सांग की दिवस तुमच्या नावानं करू, फळ्यावर तुमच्या मुलीचं नाव लिहू, लाडू त्यातच बसतो.

पगाराचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्या संस्था इथेच अडतात. पगाराला कोणी देत नाही असं आपण धरून चालतो आणि म्हणून ते चोरून मागितल्यासारखं मागतो, यादीत खाली, बारीक अक्षरात, वर त्याला मानधन म्हणायचं. अगं पण तुझ्या वसतिगृहात मावशी हेच तर काम आहे! भिंती भाड्याच्या, शाळा झेडपीची, दुपारचा पोषण आहार सरकारचा, मग तुमचं काय आहे तिथे, तर रात्री पोराजवळ असलेलं माणूस. तेच लिही. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर तू सहज लिहिलंयस की दुसरीतल्या पोरीला रात्री दीड वाजता ताप चढला आणि मावशीनं तिला मांडीवर घेऊन पट्ट्या ठेवल्या आणि पोरगी झोपेत मावशीला आई म्हणाली. ते तू मला लिहिलंस, देणगीदाराला नाही लिहिलंस. त्यांना "मानधन ९०००" लिहिलंस. नऊ हजार म्हणजे एका रात्रीचे तीनशे. तुझा हंगाम साधारण १८० रात्रींचा. "एका मावशीची एक रात्र ३०० रुपये, दहा रात्री ३०००" असं लिहून बघ.

आणि हे सगळ्यांना नको पाठवूस. हे कोणाला लागेल सांगू? जे स्वतः वसतिगृहात राहून शिकलेत त्यांना, आणि त्यातही ज्यांच्या आईबापानं ऊस तोडायला कोयता घेतलाय त्यांना. तुमच्या भागातली किती पोरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, संभाजीनगरला नोकरीला आहेत, पोलिसात आहेत, मास्तर आहेत, तलाठी आहेत. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपलेल्या माणसाला रात्र म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याला दप्तर नको द्यायला सांगूस, त्याला रात्र मागायची.

मोठं नाव हवं असलेल्यांची मात्र चेष्टा करू नकोस, तू पत्रात जरा केलीयस, पंख्याच्या पात्यावर नाव वगैरे. अगं, १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव दिलं गेलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण एसएनडीटी म्हणतो ते. विद्यापीठ १९१६ चं, चार वर्षांचं पोर होतं तेव्हा ते, आणि पैशाची ओढाताण कायमची. मुलाला आईचं नाव हवं होतं, कर्व्यांना बायकांचं शिक्षण चालवायचं होतं, दोघांचं जमलं. कर्व्यांनी नाव दिलं, काम होतं तेच राहिलं. कोणाला आईच्या नावाची खोली हवी असेल तर दे की पाटी लावून, तुझं काय जातं. फक्त संडासावर कोणी नाव लावत नाही हे खरंय, त्यामुळे तिथे दुसरा रस्ता लागतो.

तो रस्ता म्हणजे ती सहा लाखांची कंपनी. नाही म्हणायच्या आधी त्यांना फोन करून विचार की डिजिटल क्लासरूमच का. निम्म्या वेळा उत्तर असतं की शिक्षणासाठी पैसे ठेवलेत आणि मागच्या संस्थेला तेच दिलं होतं, बास. यामागचं गणित माहीत असू दे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकामावर, घालावे लागतात, आणि वर्षअखेर राहिलेले पैसे असेच ठेवता येत नाहीत, चालू प्रोजेक्टचे असतील तर वेगळ्या खात्यात आणि नसतील तर सरकारी फंडात टाकावे लागतात. म्हणून जानेवारी उजाडला की त्यांची पळापळ सुरू होते आणि मार्चच्या आत उभं राहून फोटो निघेल असं काहीतरी त्यांना हवं असतं. आता तू विचार कर, मार्चच्या आत काय उभं राहू शकतं? चार संडास आणि दोन न्हाणीघरं राहू शकतात! फोटोही निघतो. स्वच्छता पण सीएसआरच्या परवानगीच्या यादीत आहे, शिक्षण पण आहे, आणि २७ मुली दोन संडासांसाठी पहाटे रांगेत उभ्या राहतात आणि शाळेला उशीर होतो हे शिक्षणाचंच नाही तर कशाचं. तर त्यांना एका पानाचा कागद दे, फार लांबड नको, की सहा लाखांत संडास-न्हाणीघर, पाण्याची टाकी, सोलरचे दिवे आणि उरलेल्यात एक टीव्ही आणि टॅब, आणि हो, दोन वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे त्यातच धर. आमचे ते १८ हजार विसरू नकोस.

मावशींचे पगार पण त्याच कागदात घाल. ते लगेच म्हणतील की ओव्हरहेड, म्हणजे कारभाराचा खर्च, पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. तर नम्रपणे सांग की ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, प्रोजेक्ट प्रत्यक्ष राबवणाऱ्या माणसाचा पगार त्यात येत नाही. सगळे ऐकतात असं नाही. मी पाच जणांना सांगितलं असेल तर दोघांनी ऐकलं. तुमचा सीएसआर-१ नंबर, म्हणजे सीएसआरचे पैसे घ्यायची सरकारी नोंदणी, घेतलाय का ते बघ, १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) लागतं त्याला, नसेल तर बोलणं तिथेच थांबतं. आणि इतकं करूनही ते डिजिटलच म्हणाले तर जवळच्या झेडपी शाळेच्या हेडमास्तरांकडे पाठव त्यांना. तिथे तुझीच पोरं शिकतात ना. कंपनीला हवं ते मिळालं, शाळेला मिळालं, तू कोणाला तोडलं नाहीस, आणि पुढच्या वर्षी तो माणूस तुझा फोन उचलतो.

झाडंवाल्या ग्रुपला बालाघाटाच्या डोंगरात फेब्रुवारीत झाडं लावून काय करायचंय देव जाणे, पाणी टँकरनं घालणार का. पण रविवारी सकाळी उठून दोनशेच्या वर किलोमीटर यायची तयारी आहे ही माणसं फुकट घालवू नकोस. त्यांना काय येतं ते विचार. आयटीतले असतील तर मोठ्या पोरींचं गणित-इंग्रजी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर घेतील का? एखादा सिव्हिलवाला निघाला तर सेप्टिक टँकचं ड्रॉइंग करून देईल. झाडं जुलैत लावू म्हणाव, तुमच्या नावाचे खड्डे राखून ठेवते.

आता कॅलेंडर. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. दप्तरं तुला जूनमध्ये आली असणार, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि देणाऱ्याच्या डोक्यात तेव्हाच पोरं येतात. तुझ्याकडे जूनमध्ये एक पोरगं नसतं. मग गणपती, पितृपक्ष, २ ऑक्टोबरपासूनचा दान उत्सवाचा आठवडा, दिवाळी, आणि मग एकदम मार्चमध्ये टॅक्सवाले. मधले जानेवारी-फेब्रुवारी कोरडे, आणि तुझी उधारी नेमकी तेव्हाच चढते. तर पितृपक्षात अन्नदानाचे पैसे घे आणि जेवण हंगामात घाल, फक्त देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगून. तिथी बघणारा असेल तर त्याला सांग की भाद्रपदातली तीच तिथी पौषात, माघात पण येते, चालेल का? बहुतेकांना चालतं, विचारलं तर. पुण्यात पितृपक्षातच 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं, तिथे संस्था टेबल मांडून बसतात आणि लोक फिरत फिरत आपली संस्था निवडतात. आधी नुसती बघायला जाऊन ये. मी गेले होते तेव्हा टेबलावर काय मांडलंय यापेक्षा टेबलामागचं माणूस किती बोलतंय आणि किती ऐकतंय तेवढंच बघत होते. 'लोकसत्ता'चं 'सर्वकार्येषु सर्वदा' पण माहीत असेल तुला, २०११ पासून गणपतीत दहा संस्थांची ओळख छापतात आणि वाचक चेक पाठवतात. दहाही एकाच पेपरात छापून येतात पण घरात आजी एका संस्थेला देते आणि नातू दुसऱ्या, ज्याचं त्याचं काहीतरी आत असतंच.

आणि जानेवारीसाठी माझी एक आवडती युक्ती देते, फुकट. संक्रांतीचं वाण! रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि एकेक बाई तीस जणींना चाळीस रुपयांचं वाण देते, प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या, ज्या कोणाच्याच घरात आता मावत नाहीत. म्हणजे एका बाईचे बाराशे रुपये. दहा मैत्रिणींच्या भिशीनं ठरवलं की यंदा वाण बीडला द्यायचं तर बारा हजार होतात, त्यात एका मावशीचा महिना निघून वर तीन हजार उरतात. आम्ही केलंय हे, दोन सोसायट्यांमध्ये. प्रत्येक बाईला हातात द्यायला आपण छोटं तिळगुळाचं पाकीट आणि त्यावर चिठ्ठी पाठवायची, "तुमच्या वाणाचं तेल, गूळ, पॅड घेतले" आणि खाली पोरींनी काढलेली रांगोळी. फोटो नाही, पोरींनी काढलेलं चित्र. पहिल्या वर्षी एका सासूबाईंनी कुरकुर केली, रिकाम्या हातानं सवाष्णीला कसं पाठवायचं म्हणून. तिळगुळाचं पाकीट त्यांच्यासाठीच सुरू केलं. दुसऱ्या वर्षी त्याच गोळा करत होत्या.

तुमच्याच गावच्या शेतकऱ्यांना मात्र पैसे मागू नकोस, ज्वारी माग. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते आणि तुझी पोरं तेव्हा असतातच. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका दळणातलं मूठ-मूठ बाजूला ठेवायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणायचे, आपल्याकडे हे नवीन नाही.

अमेरिकेतल्या मैत्रिणीचं नीट वाच, यात चूक झाली तर महागात पडते. तिचा पासपोर्ट विचार. भारतीय पासपोर्ट असेल, ग्रीन कार्डवर का असेना, आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तिकडची नागरिक झाली असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असेल तरी, ते परदेशी पैसे होतात आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, तुझ्या पर्सनल खात्यात घेऊन संस्थेत फिरवायचे तर अजिबात नाही. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षं जुनी संस्था आणि कामावर तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च लागतो, तुमचं दुसरं वर्ष आहे, म्हणजे आत्ता नाहीच. पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लाव. आणि तिकडची नागरिक निघाली तर तिला म्हण तुझे पैसे राहू देत, मोठ्या पोरींशी महिन्यातून एकदा बोल. पैशापेक्षा ते तिला जास्त आवडेल कदाचित, वर्गमैत्रिणीच आहात, तुला माहीत.

८०जी बद्दल एवढंच की २००० च्या वर रोख घेतलंस तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, यूपीआय किंवा चेक घे, पॅन घे, वर्ष संपल्यावर सीएकडून विवरण भर. आणि मार्चमध्ये टॅक्स वाचवा, टॅक्स वाचवा असे मेसेज सगळ्यांना टाकू नकोस, नव्या टॅक्स पद्धतीत ८०जी मिळतच नाही आणि पगारदारांपैकी कितीतरी जण आता त्यात गेलेत.

शेठना नाही म्हण. यात मधला मार्ग शोधू नकोस. आवड जुळवणं म्हणतेय ते मी इथपर्यंत नाही म्हणत. ४६ पोरं एका पंगतीत बसतात त्यातल्या शेठच्या समाजाच्या नऊ जणांच्या ताटाचा खर्च वेगळा कोणी दिलाय हे पोरांना चार दिवसांत कळतं, पोरांना सगळं कळतं. मी असं नाही म्हटलंय एकदा, आकडा तेव्हा माझ्यासाठी मोठा होता, घरी येऊन रडले पण होते. त्यांना सांग की आमच्याकडे सगळ्यांचं जेवण एकाच भांड्यात शिजतं, तुम्ही एक दिवस सगळ्यांचा घ्या. घेतील किंवा नाही घेणार.

किराणावाल्याच्या ६८ हजारांचं तू कोणाकडेच काही बोललेली दिसत नाहीस, लाज वाटते म्हणून. पण तो माणूसच तुझा यंदाचा सगळ्यात मोठा देणगीदार आहे, बिनव्याजी! त्याच्याकडे जा, वही दाखव, दर आठवड्याला किती देऊ शकते ते सांग आणि त्याला विचार की उधारीतलं काही तो स्वतःच्या नावानं सोडेल का. पावती फाडून दे, पण देणगीची पावती नाही हं, देवाणघेवाणीतली सूट कशी दाखवायची ते सीएला विचार.

तर आज रात्री पोरं झोपली की पावतीपुस्तकं काढून बस, मावशींना पण घे शेजारी, कोण माणूस कधी येऊन काय बोलून गेला ते तुझ्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असणार. आणि ती जास्तीची ६४ दप्तरं परत बिरत करू नकोस. ज्यांनी दिली त्यांना फोन करून परवानगी घे, साइज लिही, चेन चालतात का बघ आणि कळव, मला धाराशिवकडची एक शाळा माहितीये जिथे पोरं अजून खताच्या पिशवीतून पुस्तकं आणतात.